नानांनी बीपीची गोळी बंद केली आहे

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आम्ही धायरीत राहतो. माझे सासरे, त्यांना आम्ही नाना म्हणतो, अडुसष्ट वर्षांचे आहेत. बीपी आणि शुगर जुनी आहे. गेल्या दिवाळीत त्यांनी मोबाइलवर ‘बीपीच्या गोळ्यांनी किडनी जाते’ असा व्हिडिओ पाहिला आणि तेव्हापासून गोळी बंद केली. आता सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस आणि स्वयंपाकात सैंधव मीठ. पायांवर सूज होती, ती गोळी सोडल्यावर गेली, त्यामुळे त्यांची खात्रीच पटली आहे. ‘मला काही झालंय का? उलट बरं वाटतंय,’ म्हणतात. माझे मिस्टर बोलायला गेले की घरात भांडण होतं. मोबाइल काढून घ्यावा का?
– एक सून, धायरी

उत्तर : ताई, मोबाइल काढून घेऊ नका. आधी त्या सुजेबद्दल बोलू, कारण नानांच्या लेखी तोच सगळ्यात मोठा पुरावा आहे आणि तो खोटा नाही.

गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण वर्णनावरून ती अ‍ॅम्लोडिपिन असावी. बीपीसाठी ही गोळी सर्रास दिली जाते. तिने काही जणांच्या घोट्यांवर सूज येते. बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, त्यातून पाणी आजूबाजूला झिरपतं आणि संध्याकाळी मोज्यांचे वळ उठतात. गोळी थांबवली की सूज उतरते. किडनीचा त्यात काही संबंध नसतो. पण नानांनी ऐकलं की किडनी बिघडली की पाय सुजतात, मग स्वतःचे पाय पाहिले, गोळी सोडली आणि सूज गेली. त्यांच्या जागी कुणालाही हेच वाटलं असतं. ‘या गोळीने सूज येऊ शकते, आली तर मला सांगा, आपण डोस कमी करू किंवा गोळी बदलू’ एवढं त्यांना चिठ्ठी लिहितानाच सांगायला हवं होतं. आमच्या ओपीडीत गर्दी असते, चिठ्ठी लिहून होते आणि सांगायचं राहून जातं. ते सांगणारा कुणीतरी मग रात्री साडेदहाला मोबाइलमध्ये भेटतो. तो घाईत नसतो, मराठीत बोलतो आणि नानांना ‘काका’ म्हणतो. लोक त्याचं का ऐकतात याचं मला नवल वाटत नाही. आम्ही डॉक्टरांनी ती पाच मिनिटं द्यायलाच हवीत, असं मला मनापासून वाटतं.

आता ‘मला काही झालंय का?’ अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून फार हळू बाहेर पडते. शेवटच्या गोळीनंतरही काही दिवस तिचा असर टिकतो. त्यामुळे सोडल्यावर लगेच मोजलं तर आकडा बराही दिसतो आणि माणूस म्हणतो, बघा, गोळीची गरजच नव्हती. पुढे बीपी हळूहळू चढत जातं आणि चढलेलं बहुतेकांना कळतच नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, झोप लागते, भूक लागते. बीपीच्या बाबतीत बरं वाटण्यावर विसंबून राहता येत नाही. आणि किडनी निकामी होण्याची जी दोन सगळ्यात मोठी कारणं आहेत, ती म्हणजे मधुमेह आणि ताब्यात नसलेलं बीपी. नानांना दोन्ही आहेत. ज्या किडनीच्या भीतीने त्यांनी गोळी सोडली, तिच्यावरच रोज मार बसतो आहे.

त्या व्हिडिओत सत्याचा कण आहे, तोही सांगते. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या गटातल्या गोळ्या सुरू केल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते हे सांगणारं द्रव्य) थोडं वाढू शकतं, म्हणून दोनेक आठवड्यांनी रक्त तपासायचं असतं. पण लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या मधुमेहींना आम्ही याच गोळ्या किडनी वाचवण्यासाठी देतो. व्हिडिओवाला पहिलं वाक्य सांगतो आणि थांबतो.

घरात अजून एक गोष्ट शोधा. मागच्या वर्षी माझ्याकडे असेच एक आजोबा आले होते, किडनीच्या धास्तीने बीपीची गोळी सोडलेले. मी त्यांना घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी आणायला सांगितली आणि ती टेबलावर ओतली. बीपीच्या गोळीची पट्टी कोरी करकरीत, एकही घर फुटलेलं नाही. तिच्याखाली गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या चार पट्ट्या, सगळ्या रिकाम्या, रबरबँड लावून जपून ठेवलेल्या, कारण मेडिकलमध्ये पट्टी दाखवली की चिठ्ठीशिवाय नवी मिळते. डायक्लोफिनॅक होती ती. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं रोज घेतली तर बीपी चढतं आणि किडनीला खरोखर इजा होऊ शकते, वयस्कर मधुमेहींना तर जास्तच. याचा व्हिडिओ त्यांना कुणी पाठवला नव्हता. नानांचे गुडघे दुखतात का, ते काय घेतात, जरा बघा.

सैंधवही शेवटी मीठच, त्यात मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं, तेव्हा ‘हे चालतं’ म्हणून हात सैल सोडू नका. बाजारातलं कमी सोडियमचं मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. किडनी अशक्त असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. दुधीची भाजी रोज खाऊ दे, उत्तमच. रसाबद्दल मी कडक आहे. दुधी कधीकधी कडू निघतो, त्यातल्या कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्याने जोराच्या उलट्या, रक्ताची उलटी, बीपी एकदम घसरणं असे प्रकार होतात, माणसं दगावलीही आहेत. ‘औषध म्हणून कडू घोट गिळायचा’ ही आपली सवय इथे घातक ठरते. कडू लागला तर लगेच थुंकून टाकायचा, हे त्यांना आजच सांगा.

आता भांडण. ‘तो व्हिडिओ खोटा आहे’ या वाक्याने सुरुवात करू नका, त्याचा अर्थ नानांना ‘तुम्हाला कळत नाही’ असा ऐकू येतो. तुम्ही सून आहात, कदाचित मुलापेक्षा तुमचं ते जास्त ऐकतील. शेजारी बसून तो व्हिडिओ त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत बघा. बोलणारा कोण आहे, काय शिकलाय, शेवटी काय विकायला काढतो, हे त्यांनाच विचारा. बऱ्याच वेळा खाली चूर्णाच्या डब्याची लिंक असते. मधुमेह किंवा बीपी बरं करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४च्या कायद्याने बंदी आहे, हेही सांगा. आणि एक गोष्ट त्यांना ठाऊक नसेल. एक व्हिडिओ पूर्ण पाहिला की मोबाइल तसलेच आणखी पुढे करतो. नानांना वाटतं सगळं जगच हे सांगतंय, प्रत्यक्षात त्यांच्याच पाहण्याचा तो परिणाम असतो. व्हॉट्सॲपवर निरोपाच्या डोक्यावर दोन बाण दिसले, तर तो पाठवणाऱ्याने लिहिलेला नाही, बऱ्याच हातांतून फिरत आलाय, एवढं तरी ओळखायला शिकवा.

मग मशिन आणा, दंडाला पट्टा बांधायचं, मनगटाचं नको. चहा आणि तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात छातीच्या उंचीला, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर. आकडे नानांनीच त्यांच्या अक्षरात वहीत लिहावेत. घरी मोजलेली सरासरी १३५/८५च्या वर जात असेल तर गोळी हवी. सोबत क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी करा, म्हणजे किडनीचा प्रश्न अंदाजावर राहणार नाही. वही, रिपोर्ट, औषधांची पिशवी आणि तो व्हिडिओ असलेला मोबाइल, सगळं घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. व्हिडिओ डॉक्टरांना दाखवायला नानांना लाजू देऊ नका. ऐकीव माहितीने जेवढं नुकसान होत नाही, तेवढं ती डॉक्टरांपासून लपवून वागल्याने होतं. शुगरच्या गोळ्याही बंद केल्यात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, ते आधी विचारा. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० दिसला तर आठवडा थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं यातलं काही असेल तर थेट १०८.

मोबाइल काढून घेऊ नका, असं मी का म्हणते? माझा दवाखाना सिंहगड रोडलाच आहे. जानेवारी २०२५ मध्ये किरकटवाडी, नांदेड, धायरी या आपल्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण निघाले, तेव्हा चिकन, पनीर, जे सुचेल ते ‘खाऊ नका’ म्हणून निरोप फिरले. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला होता. तो दूषित पाण्यातून, कच्च्या राहिलेल्या मांसातून पोटात जातो. पाणी उकळणं आणि नीट शिजवून खाणं एवढंच हवं होतं. पण त्याच दिवसांत एक मुलगी वडिलांना रिक्षात घालून घेऊन आली. जुलाब होऊन गेले होते, पायांना मुंग्या येत होत्या आणि त्या सकाळी त्यांना जिना चढता येईना. ‘मॅडम, मोबाइलवर बघितलं, अशक्तपणा पायातून वर सरकतो म्हणे,’ ती म्हणाली. मी तिथूनच त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवलं. या आजारात उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं चांगलं, आणि त्या मुलीला ती वेळ मोबाइलने मिळवून दिली.

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करतो, वय २७. छातीत धडधडतं. घड्याळावर ठोके १०५ दिसले की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लक्षणं शोधत बसतो. प्रत्येक वेळी काहीतरी भयंकर निघतं. ईसीजी, टूडी इको दोन्ही नॉर्मल आहेत, तरी विश्वास बसत नाही.

उत्तर : धडधडीची कारणं शोधताना भीती वाढते, भीतीने ठोके वाढतात, घड्याळ ते दाखवतं आणि तुम्ही पुन्हा शोधायला बसता. तुमची भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं नसेल तर तेवढं एकदा करा, दिवसभरात किती कॉफी होते तेही बघा. मग घड्याळ रात्री हातातून काढून दुसऱ्या खोलीत ठेवायचं. शोधावंसं वाटलं तर प्रश्न कागदावर लिहायचा आणि सकाळी वाचायचा. महिनाभरात फरक पडला नाही तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, या त्रासावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. व्यायाम करताना छातीत दुखलं किंवा भोवळ आली, तर मात्र आधीचा नॉर्मल रिपोर्ट पुढे न करता लगेच दाखवा.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळणारी लस द्यावी असं मी म्हणते, पण सोसायटीच्या ग्रुपवर ‘पुढे मूल होत नाही’ असं आलंय.
– एक आई, कोथरूड

उत्तर : द्या. या लसीने वंध्यत्व येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी हा प्रश्न तपासला आणि तसा संबंध आढळला नाही. या कर्करोगाच्या दहापैकी सुमारे सात केसेस एचपीव्ही विषाणूच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात आणि लस त्यांच्यापासून संरक्षण देते. आपल्या पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली सर्वाव्हॅकही मिळते. या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. पंधरा पूर्ण झाल्यावर सुरू केली तर तीन घ्यावे लागतात, म्हणून वाट बघू नका. लस दिल्यावर पंधरा-वीस मिनिटं दवाखान्यातच बसवा, या वयाच्या मुलींना सुईच्या भीतीने घेरी येते. आणि तुमची स्वतःची तपासणी झाली नसेल, तर त्याच फेरीत स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या.