बेंबीला चांदणी दिसली की कुस्ती संपली

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा, तालमीत जातो. गावच्या जत्रेत कुस्ती हरला आणि आखाड्यातच रडला. बरोबरच्या पोरांनी चिडवलं. तेव्हापासून हिंदीतल्या तुर्की मालिका बघत बसतो. म्हणतो, 'तिकडचे पुरुष बघ, मेले तरी रडत नाहीत.' माझ्याशीही धड बोलत नाही. तिकडं खरंच असं असतं का?
- एक आई, शिवाजी पेठ

उत्तर : ताई, पोरगं अगदीच खोटं बोलत नाही. 'एर्केक आदाम आलामाझ', पुरुषमाणूस रडत नाही, हे तुर्की पोरांच्या कानावर लहानपणापासून पडतं. सुंतेच्या दिवशी पोराला राजपुत्राचा झगा घालून मिरवतात आणि दुखलं तरी हूं की चूं करायचं नाही, असं बजावतात. पुढं सक्तीचं लष्कर. जाणाऱ्याला ढोल-सनई वाजवत निरोप देतात, कित्येक घरांत हाताला मेंदीही लावतात. तरण्या पोराला शब्दच 'देलिकानली', म्हणजे वेड्या रक्ताचा. आणि गल्लीतल्या दादाला 'कबादायी', शब्दशः रांगडा मामा. आपल्याकडं दादा, तिकडं मामा. नातं जोडल्याशिवाय दहशत कुठंच बसत नाही बहुतेक.

पण मालिकेवरून तुर्की पुरुष ओळखायचा म्हणजे पोस्टर बघून पैलवान निवडण्यासारखं. त्याला तुर्कस्तानातल्या एदिर्ने शहरात भरणाऱ्या किर्कपिनार उत्सवातली तेलातली कुस्ती दाखवा. पेहलिवान म्हणजे आपला पैलवानच, फारसीतून दोघांनी उचललेला. अंगावर जाड चामड्याची तुमान, तिला किस्पेत म्हणतात. अंगभर ऑलिव्हचं तेल. आणि पाठीला स्वतःचा हात पोचत नाही, म्हणून एकमेकांच्या पाठीला तेल चोळतात. ज्याला घटकाभरानं पाडायचं त्याच्याही. हे मला फार आवडतं. तांबड्या मातीत आपणही जोडीदाराच्या अंगावर माती टाकतोच की.

ढोल-सनई सुरू, जाझगिर नावाचा पुकारा करणारा एकेकाचं नाव पद्यात गातो, आणि मग धरपकड. समोरचा पाठीवर पडून पोट आभाळाकडं झालं की निकाल. ते म्हणतात, बेंबीनं चांदणी बघितली. आपण आस्मान दाखवतो, ते चांदणी. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात बसून पन्नास वर्षं कुस्त्या बघितल्या, पण हा वाक्प्रचार कळल्यावर मी एकटाच हसत बसलो होतो.

दंतकथा अशी, की चाळीस योद्ध्यांपैकी दोन भाऊ रात्र पडली तरी झुंजत राहिले, कुणी हटेना, आणि दोघेही तिथंच मेले. पुरलेल्या जागी पुढं झरे फुटले, म्हणून नाव किर्कपिनार, चाळीस झरे. तुमच्या लेकाचं 'मेले तरी' हेच. पण जिवंत माणसांनी पुढं काय केलं ते त्याला सांगा. पूर्वी वेळेची मर्यादा नव्हती, कुस्ती कितीही लांबायची. १९७५ साली ती घातली. आणि कुस्ती झाली की धाकटा थोरल्याच्या हाताचं चुंबन घेतो, मग धाकटा जिंकलेला असला तरी. युनेस्कोनं २०१० मध्ये या उत्सवाला वारसा म्हटलं, तेव्हा पेहलिवानाचं वर्णन उदार, प्रामाणिक, आदर राखणारा असंच केलंय. न रडण्याची अट त्यात नाही.

मी स्वतः एकोणिसाव्या वर्षी पंचक्रोशीसमोर चितपट झालो आणि तालमीमागं हमसून रडलो. वस्ताद आले, दुधाचा तांब्या ठेवला, शब्द न बोलता गेले. सकाळी जोरबैठका मात्र दुप्पट काढून घेतल्या.

तेव्हा 'का रडलास' हे विचारू नका. कुठल्या डावावर पडलास, ते विचारा. ढाक नावाचा डाव होता का निकाल नावाचा? तुम्हाला डाव कळत नसला तर करून दाखव म्हणा. उठेल. तेवढ्या कपबशा आधी आत ठेवा.