एका वर्षानंतर सोडलं तर चालेल का?

"मॅडम, आता पहिल्या वर्षानंतर पण सर्टिफिकेट मिळतं ना? तेवढं घेऊन घरी गेले तर चालेल का?"

नवीन शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत आलं आणि तेव्हापासून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणारी बहुतेक मुलं खेड्यातून शहरात आलेली असतात, त्यातही मुली जास्त. त्यांच्यातल्याच एकीची ही गोष्ट, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

मराठवाड्यातली मुलगी, पुण्यात बीएस्सीला. निकाल लागल्यावर आली आणि खुर्चीत बसायच्या आधीच तिने हा प्रश्न टाकला. मी तिला मोबाइलवर निकाल उघडायला सांगितलं. ४४ पैकी ३८ क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या पेपरांचे जमा होणारे अंक. तीन पेपर राहिलेले, त्यातले दोन रसायनशास्त्राचे.

एका वर्षानंतर बाहेर पडून प्रमाणपत्र हवं असेल तर किमान ४० क्रेडिट लागतात. वर ४ क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. तिला हे कुणीच सांगितलेलं नव्हतं. नापास झाल्यामुळे तिला बाहेर पडायचं होतं आणि नापास झाल्यामुळेच प्रमाणपत्र मिळत नव्हतं. ही सोय प्रवेशाच्या वेळी मोठ्या उत्साहाने सांगितली जाते, अटी मात्र कुणी समजावत नाही. मला याचा राग येतो, कारण अशा अर्धवट माहितीवर मुलं घरी परतायचा निर्णय घेऊन मोकळी होतात.

पण नियम सांगून माझं काम संपत नाही. का सोडायचंय, ते कळायला हवं होतं. आधी ती म्हणाली, पैसे नाहीत. ते खरंच होतं, खाणावळीचे पैसे थकले होते. पुढच्या भेटीत तिने पिशवीतून प्रॅक्टिकलचं जर्नल काढलं. आकृत्या सुबक, अक्षर वळणदार, आणि रीडिंगचे रकाने पानामागून पान कोरे. "अकरावी-बारावीला आमच्याकडं प्रॅक्टिकल झालंच नाही, मॅडम. ब्युरेट कशी धरायची ते इथं सगळ्यांना येतं. मी बाजूला उभी राहते." वर्षभर ती अशी बाजूला उभी होती आणि आपल्याला डोकंच नाही असं स्वतःला सांगत होती. रडली ती हे सांगताना. पैशाचं बोलताना रडली नव्हती.

तिसरी गोष्ट वडील भेटले तेव्हा कळली. कांदा घेऊन मार्केट यार्डात आले होते, तिथूनच आले. स्थळ सांगून आलं होतं. "म्याडम, कालेजच सर्टिफिकेट देतंय म्हणल्यावर आपण कशाला ताणायचं?" माणूस वाईट नव्हता. मुलीला पुण्याला ठेवताना भावकीची बोलणी त्यांनी खाल्ली होती. मी विचारलं, "भाऊ, एका वर्षाच्या कागदावर हिला काम कोण देईल?" बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कुणी न्हाई. पण खर्चाचं काय?"

हा रास्त प्रश्न होता. त्याचं उत्तर शोधायला 'कमवा आणि शिका' योजनेचा, म्हणजे महाविद्यालयात काम करून शिकायच्या सोयीचा, अर्ज भरला. ही योजना ज्यांच्या नावाने चालते त्या कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव काढल्यावर वडिलांचा चेहरा सैलावला. त्यांचे चुलते कर्मवीरांच्याच रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेले. रसायनशास्त्राच्या सरांशी मी बोलले. त्यांनी तिला प्रयोगशाळा रिकामी असताना येऊन हात बसवायला सांगितलं. हे सरांनी आपल्या वेळात केलं. ते प्रत्येक महाविद्यालयाच्या वेळापत्रकातच असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

कधीकधी सोडण्यावाचून इलाज नसतो. घरात आजारपण येतं, कमावता माणूस जातो. अशा वेळी नुसतं यायचं बंद करू नका. रीतसर अर्ज देऊन, पोच घेऊन बाहेर पडा. आपली क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, म्हणजे मिळवलेली क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेच्या, खात्यात जमा झाली आहेत का, ते स्वतः उघडून बघा. ती जास्तीत जास्त सात वर्षं धरली जातात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्याप्रमाणे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि पदवी एकूण सात वर्षांत पुरी करावी लागते. परत येताना जागा आणि विषय मिळतील का, हे आपल्या विद्यापीठाकडून लेखी घ्या. पेपर राहिले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले पेपर मागे ठेवून, पुढच्या वर्गात बसता येतं का, ते आधी परीक्षा विभागात विचारा. तिला बसता येत होतं, आणि हे तिला माझ्या खोलीत येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी ग्रंथालयात काम करते. दोन पेपर निघालेत, रसायनशास्त्राचा एक अजून बाकी आहे. स्थळाला वडिलांनी 'पदवी झाल्यावर बघू' असं कळवलंय. आई अजून नाराज आहे, तिच्याशी बोलायचं राहिलंय.