तो फोन करायला नको होता

प्रश्न : मुलगा 20 वर्षांचा, ठाण्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या एकांकिकेत बापाची मुख्य भूमिका करतोय. दिग्दर्शक सगळ्यांदेखत चुका काढतो, त्याही यालाच जास्त. परवा तालमीहून आला आणि न जेवता झोपला. मी दिग्दर्शकाला फोन करून सुनावलं. हे सोडून एनएसडी (दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय) किंवा एफटीआयआय (पुण्याची चित्रपट संस्था) यांची तयारी करावी का? – एक आई, घोडबंदर रोड

ताई, तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट तो फोन आहे. आता दिग्दर्शक तुमच्या मुलाशी जपून बोलेल, नाहीतर बोलायचंच टाळेल. वीस वर्षांच्या नटाचं यात फार मोठं नुकसान आहे.

दिग्दर्शकाची दोन वाक्यं तुम्ही एका दमात लिहिली आहेत. पहिलं : ‘भाकरी मोडायच्या आधीच बोलतोस, त्यामुळे बापाचा राग पोहोचत नाही.’ ही नोट आहे, म्हणजे नटाला काम सुधारण्यासाठी दिलेली सूचना, आणि चांगली नोट आहे. काय चुकतंय, कुठे चुकतंय, उद्या काय करून बघायचं, सगळं तिच्यात आहे. दुसरं : ‘तुला नाही जमणार, घरी बस.’ ही नोट नव्हे, हा अपमान आहे. तो ऐकून घेऊ नये. पण ‘सर, हे लागलं मला’ असं मुलानेच तालीम संपल्यावर, बाजूला घेऊन सांगायला हवं. तरीही तेच चालू राहिलं तर कॉलेजच्या सांस्कृतिक विभागाच्या प्राध्यापकांकडे जावं. तेही त्यानेच.

जास्त नोट्स म्हणजे दिग्दर्शकाचा राग, हा समज मनातून काढून टाका. मुख्य भूमिकेला प्रवेश जास्त, म्हणून नोट्सही जास्त. शिवाय ज्याच्याकडून काही होईल असं वाटतं, त्याच्यावरच दिग्दर्शक वेळ घालवतो. मुलाला एक वही करायला सांगा. नोट मिळाली की तिथे वाद नको, लिहून घ्यायची. दुसऱ्या दिवशी तसं करून बघायचं, आणि नाही जमलं तर नेमकं विचारायचं : ‘आधी भाकरी मोडू, थांबू, मग बोलू का?’ अशा प्रश्नावर बहुतेक दिग्दर्शक खूश होतात.

एनएसडीचा डिप्लोमा असो की एफटीआयआयचा अभिनयाचा अभ्यासक्रम, आधी पदवी लागते. एनएसडी तर नाटकांत काम केल्याचा अनुभवही मागते. तेव्हा बीएस्सीही सोडू नये आणि तालीमही. तिथे काय नोट्स नसतात?

दिग्दर्शकाला आणखी एकच फोन करा, माफी मागायला. मुलाला सांगून करा.