पाइन तोडल्यावर मुळांवरची बुरशी मरते, मग आपल्या सागाच्या कूपात काय होतं?

तुम्ही विचारलंय, पाइनचं जंगल तोडलं की मुळांवरची उपयोगी बुरशी मरते, तर गडचिरोलीकडे सागाचे कूप (तोडीसाठी आखलेले जंगलाचे तुकडे) तोडतात तिथंही तसंच होतं का? नुकसान होतं, पण तेवढं नाही. मी बरीच वर्षं रोपवाटिकेत काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही बुरशी झाडाला मातीतलं स्फुरद, नत्र आणून देते आणि झाड तिला पानात तयार झालेली साखर मुळावाटे देतं. झाड गेलं की तिची उपासमार होते. पाइनच्या खुंटाला सहसा फुटवा येत नाही. मूळ मेलं की वर्ष-दोन वर्षांत बुरशीचं बहुतेक जाळं संपतं. शिवाय ती गवताच्या मुळावर जगत नाही, तिला ठरावीक झाडंच लागतात. नवी रोपं लावली की काही जाती बीजाणूंतून लवकर परततात, जुन्या जंगलातल्या जातींना मात्र कित्येक दशकं लागतात. तोडताना मधेमधे जिवंत झाडं राखली, तर त्यांच्या मुळांच्या टप्प्यात ती तग धरते.

एकदा उत्तराखंडात चीडचं (तिकडच्या पाइनचं) रोप उपटून पाहिलं होतं. मुळांची टोकं आखूड, फुगीर, बेचकीसारखी दुभागलेली होती. तीच ती बुरशी. आपल्याकडे अशी जोडी पाहायची तर बस्तरच्या सालवनात जा. पहिल्या पावसात बाजारात येणारा बोडा (खायची रानबुरशी) सालाच्या मुळांवरच पोसलेला असतो. (आपल्या सात्या, म्हणजे रानातल्या अळिंब्या, वेगळ्या. त्या वारुळात वाळवीच्या जिवावर उगवतात.)

सागाची बुरशी मुळाच्या आत असते, नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. कृषी केंद्रात मायकोरायझा म्हणून पुडा मिळतो, त्याच जातकुळीतली. ती ज्वारी, तूर, रानगवत यांच्या मुळांवरही जगते. आणि साग तोडला तरी खुंट जिवंत राहतो. उन्हाळ्याआधी तोडलेल्या कूपात पावसाळ्यात जा, खुंटाखुंटाला मोठमोठ्या पानांचे फुटवे दिसतील. मूळ जिवंत, म्हणून बुरशीही जिवंत.

आपल्याकडे खरा घात होतो तो तोडीनंतर. आमच्या भागातल्या एका रोपवनात जेसीबीनं खुंट उपटले, वरची काळी माती खरवडून कडेला लोटली, उरलंसुरलं पेटवून दिलं. ट्रॅक्टरनं लाकूड ओढून जमीन टणक झाली होती ती वेगळीच. दुसऱ्या पावसाळ्यातही रोपं वीतभरच, पानं पिवळी. बुरशी, बारीक मुळं, कुजलेला पाला हे बहुतेक त्या वरच्या वीतभर थरातच असतं. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

तुमच्या धुऱ्यावर साग लावायचा असेल तर जुन्या, निरोगी सागाखालचा पाला बाजूला सारा, बारीक मुळांसकट घमेलंभर माती घ्या आणि रोपाच्या प्रत्येक थैलीत मूठभर मिसळा. माती उन्हात वाळू देऊ नका, त्याच दिवशी वापरा.