वाचक विचारतात: जुन्या अंडरग्राउंड कॉमिक्सचं काय करायचं?

मागच्या अंकात हिप्पी काळातल्या अमेरिकन अंडरग्राउंड कॉमिक्सवर लिहिलं होतं. मोठ्या कंपन्यांना आणि १९५४ च्या कॉमिक्स कोडच्या सेन्सॉरला बाजूला ठेवून चित्रकारांनी स्वतः काढलेली, स्वतः छापून घेतलेली ती कॉमिक्स. त्यावर गोव्यातून बरीच पत्रं आली, त्यातली काही घेतोय. बाकीच्यांची उत्तरं यातच कुठेतरी सापडतील.

प्रश्न: आमचं शिवोलीला जुनं घर आहे. सत्तरच्या दशकात आजोबा मागच्या खोल्या फॉरेनरना भाड्याने द्यायचे. आता घर दुरुस्तीला काढलं तर माळ्यावर एका पेटीत कपडे, कॅसेट आणि सात-आठ कॉमिक्स मिळाली. एकावर 'झॅप कॉमिक्स' नंबर एक असं आहे. नेटवर बघितलं तर याला लाखो रुपये मिळतात म्हणे. खरंच का? ओरिजिनल आहे हे कसं कळणार?

आधी एक करा, घाईने कुणाला विकू नका आणि पुसायलाही घेऊ नका.

आता झॅपबद्दल. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट क्रम या चित्रकाराने पहिला अंक काढला, डॉन डोनाह्यूने 'अपेक्स नॉव्हेल्टीज' या नावाने प्रकाशित केला आणि चार्ल्स प्लायमेल नावाच्या कवीने स्वतःच्या छोट्या मशीनवर छापला. क्रम आणि त्याची बायको हेट स्ट्रीटवर बाबागाडीत गठ्ठा घालून तो विकत फिरले, किंमत पंचवीस सेंट. नेटवर जे मोठे आकडे दिसतात ते या पहिल्या छपाईचे असतात, तेही कॉपी चांगल्या कंडिशनमध्ये असेल तर. मागच्या कव्हरवर छापणारा म्हणून चार्ल्स प्लायमेलचं नाव आहे का ते आधी बघा. नसेल तर ती नंतरची छपाई.

आणि बहुतेक कॉप्या नंतरच्याच असतात, हे मनाची तयारी म्हणून आत्ताच सांगतो. स्टॉलवरची कॉमिक्स महिन्याभरात परत जायची, पुढचा अंक आला की मागचा संपला. अंडरग्राउंडचं तसं नव्हतंच, ही जायची हेड शॉपमध्ये म्हणजे चिलीम, पोस्टर, अगरबत्ती विकणाऱ्या दुकानात, तिथून परत येत नसत, संपली की प्रकाशक पुन्हा छापायचा, असं वर्षानुवर्षं चालायचं. झॅप पुढे 'प्रिंट मिंट' या प्रकाशकाने कितीतरी वेळा छापलं. त्यात गंमत अशी की आत कॉपीराइटचं साल तेच राहतं, १९६७ किंवा ६८, त्यामुळे साल बघून काही ठरवता येत नाही. कव्हरवरची किंमत बघा. पंचवीस सेंटचे पस्तीस झाले, मग पन्नास, मग पंचाहत्तर, मग डॉलर. शिवाय प्रकाशकाचं नाव-पत्ता आणि मागच्या पानावरच्या जाहिराती बघा, १९७२ ला निघालेल्या कॉमिकची जाहिरात १९६८ च्या अंकात असणार नाही.

झॅपचा शून्य नंबरचा अंक पेटीत असेल तर गोंधळू नका. तो काढला होता आधी पण त्याची मूळ चित्रं एकजण घेऊन गेला ती परत आलीच नाहीत, मग झेरॉक्सवरून तो छापला, तोपर्यंत एक नंबर बाहेर आलेला होता.

गोव्यात आलेले बरेचजण इंग्लंड-युरोपातून रस्त्याने आलेले, म्हणून इथल्या पेट्यांमध्ये ब्रिटिश छपाईची कॉमिक्सही असू शकतात, त्यांच्यावर किंमत पेन्समध्ये असते. त्यांना कमी समजू नका. तुमच्या पेटीत गिल्बर्ट शेल्टनचे 'फ्रीक ब्रदर्स' असतील तर तेही खूप वेळा छापलं गेलंय, पैशांसाठी नाही पण वाचण्यासाठी माझ्या मते त्या सगळ्या पिढीतलं सगळ्यात मोकळं आणि प्रेमळ कॉमिक तेच आहे.

लाखांचं विचाराल तर शक्यता कमी आहे. पण कुणी तुमच्या घरी येऊन राहिला, जाताना हे इथेच ठेवून गेला, आणि पन्नास वर्षं ते शिवोलीच्या पावसात टिकलं, हे मला किमतीपेक्षा फार मोठं वाटतं. पेटीतलं बाकी सामानही फेकू नका, बसचं तिकीट, पत्राचा लिफाफा, काहीही असेल ते सोबत ठेवा.

प्रश्न: हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात अशी कॉमिक्स मिळतील का? मी म्हापशाचा आहे, बजेट कमी आहे, कुठून सुरुवात करू?

आता जवळपास नाहीच. तो बाजार सुरू झाला तेव्हा हिप्पी लोक आपलंच सामान विकायचे, परतीच्या पैशांसाठी कॅमेरा, जीन्स, टेप, पुस्तकं. आज तिथे कपडे, दागिने, मसाले, आणि पावसात तर बाजारच बंद. किनाऱ्याकडच्या सेकंडहँड पुस्तकांच्या दुकानात खालचे गठ्ठे बघत राहा, आणि त्या काळी खोल्या भाड्याने देणाऱ्या घरांमध्ये ओळखीने, नीट विचारून जा. आणि वस्तू काय आहे ते त्यांना खरं सांगून मगच घ्या. माहिती नसलेल्या म्हातारीकडून पन्नास रुपयांत उचलून वर फुशारकी मारणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत.

सुरुवात मात्र नव्या छापील संग्रहापासून करा. झॅपचे सगळे अंक २०१४ मध्ये एकत्र निघालेत, तो संच महाग आहे, पण फ्रीक ब्रदर्सचे, क्रमचे वेगवेगळे खंड मिळतात, चार मित्रांनी मिळून घेतले तरी चालतं. आधी वाचा, कुणाची रेषा आपल्याला ओढते ते कळू दे. मग त्या एका माणसाची जुनी नंतरच्या छपाईची कॉपी घ्या. आतलं चित्र तेच, कागद तसाच, किंमत कितीतरी कमी. ही कॉमिक्स हातोहात फिरण्यासाठी स्वस्तात छापली होती, ती वाचलीच नाहीत तर जमवून काय उपयोग?

प्रश्न: पावसाळ्यात माझ्या कॉमिक्सना बुरशी येते, पिना गंजतात, पानं पिवळी पडतात. डांबरगोळ्या घातल्या तरी फरक नाही. फोंड्याला राहते, एसी नाही. काय करू?

ताई, डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही, वास मात्र कागदात मुरतो तो जात नाही. काढून टाका.

पिवळं पडण्याचं कारण कागदातच आहे. ही कॉमिक्स वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदावर छापलेली, त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, त्याला उजेड आणि हवा लागली की ते पिवळं होतं, आम्ल तयार होतं आणि पानं ठिसूळ होतात. ते उलटं फिरवता येत नाही, फक्त वेग कमी करता येतो. बुरशीचं तसं नाही, ती रोखता येते. हवेतली आर्द्रता साधारण पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरायला लागते आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती बहुतेक त्याच्या वरच असते. म्हणजे अख्खी खोली कोरडी करण्यापेक्षा एक डबा कोरडा ठेवणं सोपं. घट्ट झाकणाचा, रबरी कडेचा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या, तळाला ओलावा शोषणाऱ्या, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, शंभर-दोनशे रुपयांचा छोटा आर्द्रता मीटर मिळतो तो आत ठेवा. काटा पन्नासच्या आसपास राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तापवून परत वापरा. आणि हे सगळं मे महिन्यातच करा, कोरड्या दिवसात भरून बंद करा, कारण जुलैत डबा बंद केला म्हणजे ओलावाच आत कोंडला.

डबा बाहेरच्या भिंतीला लावून ठेवू नका, आपल्या चिऱ्याच्या भिंती पाणी ओढतात. जमिनीवरही नको.

प्रत्येक कॉमिक वेगळ्या पॉलिस्टरच्या किंवा पॉलिप्रोपिलिनच्या पिशवीत, मागे आम्लमुक्त पुठ्ठा. पीव्हीसीच्या चकचकीत पिशव्या नकोत, त्या काही वर्षांनी चिकट होतात आणि शाई उचलतात. लॅमिनेशन तर कधीच नाही, सेलोटेपही नाही. गंजलेली पिन खेचून काढू नका, ठिसूळ पान तिच्याबरोबर फाटतं, तशीच राहू दे, कोरड्यात गंज पुढे सरकत नाही. बुरशी आलीच असेल तर त्या कॉप्या आधी बाकीच्यांपासून वेगळ्या करा, तोंडाला मास्क लावा, सावलीत पंख्याखाली पूर्ण सुकू द्या आणि मग घराबाहेर जाऊन मऊ ब्रशने हलकेच झाडा. ओली असताना पुसली की डाग आत जातो. उन्हात वाळत घालायचा मोह होतो, पण उन्हाने रंग उडतो आणि कागद अजून कडक होतो. कसर लागली असेल तर पिशवीत सीलबंद करून फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा, बाहेर काढल्यावर पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका.

प्रश्न: मी मडगावची. नवऱ्याला हा नाद लागलाय. मी एक उघडून बघितलं, बायकांची चित्रं बघून किळस आली. घरात मुलं आहेत. हे कला म्हणून घरात ठेवायचं? आणि कायद्याने चालतं का?

तुमची किळस बरोबर आहे, ती कुणी बुरसटलेपणा म्हणून उडवून लावू नये. क्रम आणि त्याच्या बरोबरच्यांच्या चित्रांत बायकांवरची हिंसा आणि काळ्या लोकांची विद्रूप चित्रं आहेत, आणि स्वातंत्र्य म्हणजे मनात आलेलं सगळं कागदावर ओतणं असं त्यांनी धरलं होतं. ट्रिना रॉबिन्स या चित्रकार बाईने त्या काळीच तोंडावर सांगितलं की हे बायकांविरुद्ध आहे, त्यासाठी तिला त्या पुरुषांच्या कंपूबाहेर राहावं लागलं. मग तिने १९७० मध्ये मैत्रिणींबरोबर 'इट एन्ट मी बेब' काढलं, फक्त बायकांनी काढलेलं पहिलं अमेरिकन कॉमिक. १९७२ ला 'विमेन्स कॉमिक्स' सुरू झालं, इंग्रजीत नावाचं स्पेलिंगही त्यांनी मुद्दाम 'Women's' ऐवजी 'Wimmen's' असं केलं होतं, ते १९९२ पर्यंत चाललं. गर्भपात, नोकरी, लेस्बियन असणं, सगळं त्यात आलं. नवऱ्याला सांगा, संग्रह करायचा तर हेही त्यात हवं, नाहीतर त्या काळाचं अर्धंच चित्र घरात आणताय.

मुलांच्या हाती नकोच, पहिल्या झॅपच्या कव्हरवरच ते फक्त मोठ्यांसाठी असल्याचं लिहिलेलं होतं. कुलपात ठेवा. कायद्याचं थोडक्यात: जुनं भादंवि २९२ आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ आहे, त्यात अश्लील वस्तू विकणं, वाटणं, प्रदर्शित करणं, आयात करणं आणि त्या हेतूने जवळ ठेवणं गुन्हा आहे, कला-साहित्यासाठी अपवादही आहे. स्वतःपुरतं कपाटात ठेवणं वेगळं. पण पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे असतील किंवा बाहेरून मागवायचं असेल तर आधी वकिलाला विचारा. अमेरिकेतही 'झॅप'चा चौथा अंक न्यूयॉर्कच्या कोर्टाने अश्लील ठरवला होता, आणि १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अश्लीलतेचा निकष स्थानिक समाजावर सोडल्यावर दुकानदार घाबरले, ही कॉमिक्स ठेवणंच त्यांनी कमी केलं.

प्रश्न: मी साखळीचा, कॉलेजला आहे. आपल्या मराठीत असं काही होतं का?

कॉमिक्स म्हणशील तर नाही, पण वृत्ती म्हणशील तर होती, आणि तीही आधी. साठच्या दशकातली लघुनियतकालिकं बघ. अशोक शहाणेंचं 'असो' १९६३ चं, म्हणजे झॅपच्या पाच वर्षं आधीचं. प्रस्थापित मासिकांना नको असलेलं लिखाण, स्वतःच्या खिशातले पैसे, बरीचशी तर सायक्लोस्टाइल करून काढलेली, दोन-चार अंक निघाले की बंद. त्यांचा कागदही तसाच मरतोय आणि ती जमवणारे हातावर मोजण्याइतके आहेत. अमेरिकन कॉमिक्सचे भाव नेटवर मिळतील, त्यांची यादी करणारे शेकडो आहेत. ह्यांची नाही. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन विचार, गावातल्या जुन्या वाचनालयांची कपाटं बघ, निवृत्त मराठीच्या सरांना विचार. मिळालं तर वरचा डब्याचा उपाय त्यालाही लागू.

प्रश्न: माझ्या कॉपीच्या कव्हरवर बॉलपेनने कुणाचंतरी नाव आणि 'कळंगुट, १९७४' असं लिहिलंय. खोडून टाकू का, किंमत वाढेल?

खोडू नका. खोडलं तर कागद खरवडला जाईल, किंमत उलट कमी होईल. आणि तुमच्या कॉपीत जगातल्या दुसऱ्या कुठल्याही कॉपीत नाही अशी तीच एक गोष्ट आहे. ते नाव, तुम्हाला ती कुठे आणि कुणाकडून मिळाली, केव्हा मिळाली, हे वेगळ्या कार्डावर पेन्सिलने लिहून त्याच पिशवीत मागे ठेवा.