टिपरचे सपाट तोंड आणि रस्त्यावरचा माणूस

प्रश्न: कारची धडक बसली तर माणूस बॉनेटवर पडतो, टिपर मात्र त्याला सरळ खाली घेतो असे म्हणतात. खरे का? (गृहिणी, उसगाव)

खरे आहे. कारचा बंपर पायांना लागतो, माणूस आडवा होऊन बॉनेटवर येतो. इजा होते, पण धक्का टप्प्याटप्प्याने बसतो. टिपरचे तोंड भिंतीसारखे उभे. गुडघे, कंबर, छाती, डोके यांना जवळपास एकदमच मार बसतो आणि वर चढायला जागाच नसल्याने माणूस पुढे फेकला जातो. गाडी थांबली नाही तर पुढची चाके तिथेच पोचतात. पहिल्या माराइतकाच हा दुसरा भाग जीवघेणा.

प्रश्न: माझ्या पिकअपला पुढे लोखंडी गार्ड आहे. गुरे आडवी येतात, म्हणून लावला. काढावा का? (व्यापारी, म्हापसा)

काढा. कारखान्यातला बंपर आणि पत्रा दबतो, तुमचा पाइप दबत नाही. सगळा जोर हाडाच्या एका जागी जातो. शिवाय एअरबॅग असेल तर तिचे गणित बिघडू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असे गार्ड बेकायदा असून, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितले होते. तरीही ते दुकानांत उघड विकले जातात, तो भाग वेगळा. गुरांसाठी वेग कमी करा.

प्रश्न: माझा चालक म्हणतो, समोरचे मूल दिसलेच नाही. उंच बसलेल्याला दिसत कसे नाही? (टिपरमालक, सावर्डे)

तो खोटे बोलत असेलच असे नाही. उंचावरून लांबचे छान दिसते, नाकासमोरचे नाही. काचेच्या खालच्या कडेपलीकडे, बंपरला खेटून उभे मूल, वाकलेली बाई किंवा डावीकडून शिरलेला सायकलवरचा पोदेर (पाववाला) नजरेच्या रेषेखाली जातो. गाडी थांबून पुन्हा निघते तो क्षण सर्वांत वाईट.

रविवारी गाडी उभी करून बघा. चालकाला सीटवर बसवा, मुलाच्या उंचीचा ड्रम बंपरपासून हळूहळू लांब न्या आणि तो कुठे दिसू लागतो तिथे खडूने रेघ मारा. डाव्या बाजूलाही तेच करा. मग काचेवरची झालर, स्टिकर, खाली लटकणारे हार काढून पुन्हा मोजा. देवाची मूर्ती डॅशबोर्डच्या मधोमध ठेवायलाच हवी असे नाही, देव कोपऱ्यातही राहतो. बंपरखालचे दाखवणारा पुढचा आरसा तुटला असेल तर आजच बसवा.

लंडनमध्ये १२ टनांवरच्या ट्रकना चालकाला थेट किती दिसते यावरून तारे मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून तीन तारे नसतील तर सेन्सर, कॅमेऱ्यासारखी जादा साधने बसवावी लागतात.

प्रश्न: ग्रामसभेत ठराव करून गोल तोंडाचेच ट्रक गावात येऊ द्यावेत, असे होईल का? (पंच, पेडणे)

नाही. आपल्याकडे पादचाऱ्यांच्या सुरक्षेची चाचणी कारना लागू आहे, अवजड ट्रकना नाही. आणि तोंड सपाट असते त्यामागे हिशेब आहे: गाडीच्या एकूण लांबीला मर्यादा असते, कॅबिन आखूड तेवढी माल ठेवायला जागा जास्त. युरोपाने गोलसर कॅबिनला लांबीत सूट दिली ती यासाठीच.

तुमच्या हातात वेग आहे. टिपरचा वेगनियंत्रक ६० वर असतो, पण शाळेसमोर ६० म्हणजे फारच झाले. ४० च्या तुलनेत ६० ला धडकेची ऊर्जा सव्वादोन पट होते, आणि चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी ११ ऐवजी सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते. शाळा सुटण्याच्या वेळी टिपर बंद आणि बाकी वेळ कमी वेगमर्यादा, असा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा.