तिकिटावर ‘६ई’, मोबाइलवर ‘आयजीओ’

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त पुणे-दिल्ली असा इंडिगोच्या विमानाने वरचेवर ये-जा करतो. तिकिटावर विमानाचा क्रमांक ‘६ई’ने सुरू होतो, मोबाइलवर तेच विमान ‘आयजीओ’ म्हणून दिसते आणि त्याने पाठवलेल्या छायाचित्रात शेपटीकडे ‘व्हीटी’ने सुरू होणारी अक्षरे आहेत. एकाच विमानाला इतकी नावे कशासाठी? ‘व्हीटी’ म्हणजे ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’, असे सांगतात ते खरे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : एसटीचेच उदाहरण घेऊ. गाडी बदलली तरी ‘सांगली-स्वारगेट’ हा फलक तोच राहतो; नंबरप्लेट मात्र गाडीबरोबरच जाते, मग ती आज स्वारगेटला जावो की उद्या कोल्हापूरला. तिकिटावरचा क्रमांक म्हणजे फलक आणि ‘व्हीटी’ची पाच अक्षरे म्हणजे नंबरप्लेट.

‘६ई’ हा संकेत ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या संघटनेने दिलेला असून तिकीट, सामानाची चिठ्ठी आणि वेळापत्रक यांसाठी तो वापरला जातो. नुसत्या दोन अक्षरांच्या जोड्या ६७६च होतात आणि त्या जगाला पुरत नाहीत, म्हणून त्यांत अंक मिसळावे लागले. एअर इंडियाला ‘एआय’ मिळाले, तर २००६ साली उड्डाणे सुरू करणाऱ्या इंडिगोच्या वाट्याला अंकाचा संकेत आला. पण कंपनीने त्याचीच जाहिरातीत इतकी ओळख करून दिली की, २०२४च्या अखेरीस महिंद्राने आपल्या विजेवरच्या मोटारीला ‘बीई ६ई’ नाव देताच प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि मोटारीचे नाव ‘बीई ६’ झाले.

‘आयजीओ’ हा तीन अक्षरी संकेत ‘इकाओ’ या संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेच्या यादीतला आहे. तीन अक्षरांच्या १७,५७६ जुळण्या होतात, त्यामुळे येथे अंकांची गरज पडत नाही. हवाई वाहतूक नियंत्रकाकडे जाणाऱ्या उड्डाण आराखड्यात हाच संकेत लिहितात, मात्र रेडिओवर बोलताना वैमानिक ‘आयजीओ’ न म्हणता ‘आयफ्लाय’ असा पुकारा करतात. ब्रिटिश एअरवेजचा पुकारा ‘स्पीडबर्ड’ असा आहे; इंपीरियल एअरवेजच्या १९३२ सालच्या पक्षिचिन्हाचे ते नाव, कंपनी गेली तरी टिकले. एका वेळी आकाशात असलेल्या दोन विमानांचे पुकारे सारखे वाटू नयेत म्हणून कधी कधी क्रमांकाऐवजी अंक आणि अक्षरे यांचे मिश्रण देतात; म्हणून मोबाइलवरचा क्रमांक तिकिटाशी जुळला नाही, तर घाबरण्याचे कारण नाही.

मोबाइलवर ‘आयजीओ’ दिसते, कारण विमानातील ट्रान्सपाँडर (ओळख कळवणारे रेडिओयंत्र) आराखड्यातला हा लेखी संकेत सतत प्रक्षेपित करत असतो. त्याच्यासोबत विमानाचा स्वतःचा सहा चिन्हांचा संकेतही जातो. भारतात नोंदलेल्या विमानांचा हा संकेत ‘८०’ ते ‘८३’ यांपैकी एखाद्या जोडीने सुरू होतो, आणि त्यावरूनच नंबरप्लेट ओळखता येते. पुढच्या वेळी विमानाच्या माहितीत तो शोधून पाहा. शेजारी ‘ए२०एन’ लिहिले असेल, तर तो विमानाच्या प्रकाराचा संकेत, म्हणजे एअरबस ए३२० निओ.

आता ‘व्हाइसरॉय’. ही फोड आकर्षक असली तरी ती मागाहून जुळवलेली दिसते. विमानांची राष्ट्रीय अक्षरे रेडिओ केंद्रांना वाटून दिलेल्या अक्षरगटांवरून ठरली. १९२७ सालच्या वॉशिंग्टन येथील रेडिओ परिषदेने ही वाटणी केली, तेव्हा ब्रिटिश साम्राज्यातील अनेक प्रदेशांना ‘व्ही’ने सुरू होणारे गट मिळाले. ऑस्ट्रेलियाची विमाने आजही ‘व्हीएच’ लावतात. भारताकडे ‘व्हीटी’पासून ‘व्हीडब्ल्यू’पर्यंतचा पट्टा आहे, आपले हौशी रेडिओचालक त्यातले ‘व्हीयू’ वापरतात, आणि त्या ‘यू’चा व्हाइसरॉयशी संबंध लावून दाखवणे कठीणच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला आणलेल्या पस मॉथ विमानावर ‘व्हीटी-एडीएन’ अशी अक्षरे होती. ‘व्हीटी’ बदलावे, ही मागणी संसदेतही झाली आहे. पण ‘आय’ इटलीकडे आणि ‘बी’ चीनकडे असल्याने ‘आयएन’ किंवा ‘बीएच’ मिळण्याची सोय नाही, शिवाय बदल झालाच तर प्रत्येक विमान नव्याने रंगवून त्याची सगळी कागदपत्रेही बदलावी लागतील.